पहिला घोट कोणाच्या हातून?

वाचनासाठी शास्त्रभाग : यिर्मया, अध्याय ३५



बाबेलच्या सैन्याच्या भीतीने आपले तंबू उठवून यरुशलेमेच्या तटाआड आश्रयाला आलेले एक घराणे या अध्यायात आपल्याला भेटते. ही रेखाबाच्या वंशातील माणसे. यहूदात तेव्हा यहोयाकीम राज्य करीत होता. परमेश्वराच्या आज्ञेवरून यिर्मया त्यांना मंदिराच्या एका खोलीत नेतो, त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेली पात्रे व पेले मांडतो आणि प्यावयास सांगतो. प्रसंगाची मांडणी ध्यानात घ्यावी. जागा मंदिराची, आग्रह करणारा साक्षात संदेष्टा, आणि पाहुणे परक्या शहरात निराधार होऊन आलेले. अशा वेळी 'नाही' म्हणणे किती अवघड गेले असेल! तरीही ते नकार देतात आणि कारण एकच सांगतात : आमचा पूर्वज योनादाब याने आम्हांला व आमच्या मुलाबाळांना तसे बजावून ठेवले आहे.

हा योनादाब राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात येहूच्या रथात चढताना दिसतो. येहूचा काळ इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातला, तर यहोयाकीमचा इसवी सनापूर्वी ६०० च्या आसपासचा. मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षे गेली. राजे आले व गेले, उत्तरेकडील राज्य तर नकाशावरून पुसले गेले; परंतु एका पित्याने आपल्या घरात उच्चारलेला शब्द त्याच्या वंशात अद्याप जिवंत होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या अध्यायाच्या आधारे साऱ्या ख्रिस्ती लोकांवर मद्यवर्जनाचा नियम लादणारी प्रवचने मी ऐकली आहेत. तरुणपणी एकदोन केलीही आहेत. अध्याय तसे म्हणत नाही. योनादाबाने आपल्या वंशजांना घरे बांधू नका, पेरणी करू नका, द्राक्षमळे लावू नका असेही सांगितले होते, आणि ते नियम आपण कोणीच पाळीत नाही. परमेश्वर वाखाणतो ते त्यांचे आज्ञापालन. प्रौढ माणसाने आपल्या विवेकाने काय करावे हा आजचा विषय नव्हे. मला या अध्यायातील एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे : रेखाब्यांच्या मुलांपुढे पेला आला तो बाहेरच्या माणसाकडून आला. घरातल्या कोणाच्या हातून तो कधीच आला नव्हता, म्हणून बाहेर त्यांना नाही म्हणता आले. आपल्या मुलांपुढे येणारा पहिला पेला मात्र बहुधा परक्याच्या हातातला नसतो.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाताळच्या आठवड्यात रात्री एकच्या सुमारास आमच्या दाराची कडी वाजली. दारात मंडळीतील दोन मुले उभी होती व त्यांच्या खांद्यांवर तिसरा, चौदा वर्षांचा मुलगा लोंबकळत होता. त्याचे कपडे ओकारीने भरले होते. घरी नेले तर वडील मारतील, म्हणून त्यांनी त्याला पाळकाकडे आणले होते. माझ्या पत्नीने त्याला कुशीवर निजवले व पहाटेपर्यंत ती त्याच्या उशाशी बसून राहिली. त्या वेळी आम्हांला याहून अधिक काही ठाऊक नव्हते. आज सांगेन, की अशा मुलाला एकटे निजवून ठेवू नये, उताणे झोपवू नये, लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांवर विसंबू नये. आणि हाक मारून तो जागा होत नसेल, श्वास मंद अथवा अडखळत चालत असेल, अंग गार पडले असेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता तत्काळ इस्पितळ गाठावे. दारूने बेशुद्ध झालेले मूल झोपेतच ओकारी घशात अडकून दगावू शकते.

सकाळी मी त्याला विचारले, "बाळ, तुला कोणी दिली?" तो म्हणाला, "मामांनी. गच्चीवर सगळे बसले होते. म्हणाले, आता तू मोठा झालास." मग थोडे थांबून, जणू मामांची बाजू घेण्यासाठी, त्याने पुढे सांगितले, "पण पास्टर, पहिल्यांदा काही मामांनी दिली नव्हती. पप्पा लहानपणापासून द्यायचे. बोटाने."

ते बोट मी पाहिले होते! त्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला प्रार्थना करावयास मीच गेलो होतो. प्रार्थना झाली, केक कापला, आणि मग वडिलांनी बिअरच्या फेसात बोट बुडवून मांडीवरच्या बाळाच्या ओठांना लावले. बाळाने तोंड वाकडे केले. सारे हसले. मीही हसलो. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही ते हसणे मला सलते. त्या घरात 'नको' म्हणण्याचा अधिकार ज्याला होता, असा मीच एक होतो.

बोटाला लागलेल्या फेसाने मूल दारुडे होते असे माझे म्हणणे नाही. पण त्या बोटामागे एक समजूत असते, आणि ती चांगल्या, प्रार्थना करणाऱ्या घरांतही मी ऐकली आहे : "आपल्या डोळ्यांदेखत थोडी चाखू द्यावी, म्हणजे बाहेर जाऊन लपूनछपून पिणार नाही." ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हीच समजूत तपासून पाहिली. सुमारे १,९०० शाळकरी मुले व त्यांचे पालक यांचा त्यांनी सहा वर्षे मागोवा घेतला व २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईवडिलांनी स्वतः दारू दिल्यामुळे मूल पुढील धोक्यापासून वाचते, असे काहीही त्यांना आढळले नाही. उलट, घरातून मिळालेली मुले पुढे बाहेरूनही मिळवण्याची शक्यता वाढलेली दिसली. त्याआधी १९९७ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत असे दिसून आले होते, की वयाच्या पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के माणसे आयुष्यात केव्हा ना केव्हा व्यसनाच्या विळख्यात सापडली. वीस वर्षांनंतर आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर आरंभ हे एकच कारण होते असे यावरून म्हणता येत नाही, घरची परिस्थिती, स्वभाव, आनुवंशिकता हेही असते. तथापि एवढी तफावत नजरेआड करण्याजोगी नाही. मेंदूचा पुढचा भाग, जो मोह आवरतो व परिणामांचा विचार करतो, तो पंचविशीच्या सुमारास पक्व होतो. लगाम तयार होण्याआधीच आपण घोडा उधळू देतो.

दुसऱ्या बाजूचे सत्यही मुलांना सांगितले पाहिजे. "सगळेच पितात" असे जे मुले म्हणतात ते खरे नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकरवी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्के आढळले, प्रौढांत ते १७ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे शंभरातील अठ्ठ्याण्णवांहून अधिक मुले पीत नाहीत. न पिणाऱ्या मुलाला आपण एकटे पडलो असे वाटते, कारण पिणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. हा आकडा मुलाच्या हाती दिला तर त्याच्या 'नाही'ला बळ येईल. देशाच्या लोकसंख्येत मात्र १.३ टक्के म्हणजेही लाखो मुले होतात.

आता एका प्रश्नाला सामोरे जाऊ, कारण आपली मुले शब्बाथशाळेत शिकलेली आहेत व ती तो विचारणारच. "प्रभू येशूने कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला नाही का?" केला. त्यावर सारवासारव करू नये. मुलांना ती लगेच कळते. तेथे यजमानाची लाज राखली गेली, लग्नघरचा आनंद अपुरा राहिला नाही, आणि शिष्यांना प्रभूचे गौरव दिसले; योहान हा चमत्कार त्यासाठीच सांगतो. मुलांना पिण्याचे शिक्षण द्यावे, असा अर्थ त्यातून काढण्यास आधार नाही. प्रभुभोजनाचेही तसेच. आपल्यापैकी काही मंडळ्यांत प्याल्यात द्राक्षाचा रस असतो, काहींत मनुका उकळून काढलेले पाणी, तर कॅथलिक व इतर काही परंपरांत द्राक्षारसच वापरला जातो. न आंबवलेला द्राक्षरस बाटलीत टिकवण्याची रीत १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने प्रभुभोजनासाठीच शोधून काढली, हे सहज म्हणून सांगतो. परंपरा कोणतीही असो, तो प्याला काय आहे व पंगतीतला पेला काय आहे, यांतील भेद मुलाला त्याच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या तयारीतच समजावून द्यावा. तयारीच्या वर्गात आम्ही इतके काही पाठ करून घेतो, पण हे सांगण्याचे राहूनच जाते.

मग आईबापांनी करावे तरी काय? पवित्र शास्त्रातील एका बापाने काय केले नाही, ते आधी पाहू. एली याजकाच्या मुलांचे दुर्वर्तन साऱ्या इस्राएलाला ठाऊक होते. एलीने त्यांना उपदेश केला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तो आहे, आणि उपदेश म्हणून त्यात काही उणे नाही. उणे होते ते वेळेचे. मुले मोठी झाली होती, सवयी हाडीमाशी खिळल्या होत्या, म्हातारा बाप बोलला आणि मुलांनी ऐकले नाही. परमेश्वराचा त्याच्यावरील ठपका पुढच्या अध्यायात आहे : ठाऊक असून त्याने त्यांना आवरले नाही. गंमत अशी, की हाच एली प्रार्थनेत ओठ हलवणाऱ्या हन्नेला पाहून ती प्यालेली आहे असे समजला व तिला रागावला होता. दुसऱ्याच्या लेकीचे ओठ त्याला दुरून दिसले. स्वतःच्या घरात मात्र उशीर झाला. आपल्या मंडळ्यांतही दुसऱ्यांच्या मुलांविषयी बारीक नजर ठेवणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून हा विषय मूल नऊदहा वर्षांचे असतानाच घरात निघावा. समोर बसवून दोन तासांचे प्रवचन देऊ नये. ते काम आम्हा पाळकांवर सोडावे. भाजी निवडताना, स्कूटरवरून शाळेत सोडताना, टीव्हीवर सोड्याच्या नावाखाली दारूच्याच कंपनीची जाहिरात लागली असताना, दोन वाक्ये पुरतात. थोडे आणि वारंवार बोलावे. नियम एकच असावा व तो संदिग्ध नसावा : या घरातील मुले दारू घेत नाहीत, सणाला नाही, लग्नाला नाही, एक घोटही नाही. "फार घेऊ नकोस" असे म्हणणाऱ्या बापाने थोडी घेण्याची परवानगी देऊन टाकलेली असते. मुलगा कोणाबरोबर आहे व केव्हा परतणार, हे विचारावे आणि परतेपर्यंत जागे राहावे. जागी आई दारात दिसणार आहे, एवढी जाणीव पुष्कळ मुलांना पुरली आहे. तिच्यासोबत बापानेही जागावे. आपल्याकडे मुलगा बिघडला की दोष आईला आणि नावाजला की नाव बापाचे, ही वाटणी अन्यायाची आहे. आणि मुलाला हेही सांगून ठेवावे, की कधी चूक झालीच, किंवा ज्याच्या गाडीवरून यायचे तो प्यालेला असला, तर कितीही रात्र झाली तरी फोन कर, आम्ही न्यायला येऊ. बोलणे दुसऱ्या दिवशी. आमच्या दारात आलेली ती मुले मारापुढे घाबरली होती. मार मुलाला घरापासून दूर ठेवतो, बाटलीपासून नव्हे.

ज्या घरात बाप स्वतःच पितो, तेथे काय करावे, असे मला पत्रांतून विचारले जाते. बहुधा बायका विचारतात, पत्राखाली नाव नसते. बापाने सोडणे हे उत्तम. त्याला वेळ लागेल तोवरही काही गोष्टी आजच होऊ शकतात. मुलांसमोर पिणे थांबवता येते. बाटली कुलपात ठेवता येते. मुलाला ग्लास धुवायला, बर्फ आणायला, दुकानातून 'ते' घेऊन यायला पाठवणे थांबवता येते. यज्ञासाठी लाकडे वाहणाऱ्या इसहाकाची आठवण मला अशा वेळी होते, पण तेथे हात धरणारा देवदूत होता. बाप मुलाला "मला हे सुटत नाही, म्हणूनच तू आरंभ करू नकोस" असे खरेपणाने सांगू शकतो. ते शब्द पवित्र जीवन जगणाऱ्याच्या उपदेशाहून कमी वजनाचे नसतात. आणि मुलाच्या कानी कोणीतरी हे घातलेच पाहिजे, की बाबांच्या पिण्याला तू कारण नाहीस. मदत मागण्यात कमीपणा नाही. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केले, पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करीत आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा देशातील अनेक शहरांत चर्चच्या सभागृहांतच भरतात, आणि व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर मिळते.

आता आईबापांव्यतिरिक्तच्या मंडळींकडे वळतो : काका, मामा, आत्या, शेजारी, आणि विशेषतः बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या वतीने वचन दिलेले धर्मपिता व धर्ममाता. आईबापांनी वर्षभर जपलेला नियम लग्नाच्या एका रात्री मोडतो, तो बहुधा आपल्याकडून. "एकदाच आहे, आज चालते." शीतपेयाच्या ग्लासात गुपचूप ओतले जाते, पोरगे झिंगले की त्याला नाचायला लावून मोठी माणसे हसतात. हबक्कूक संदेष्टा दुसऱ्या अध्यायात शेजाऱ्याला पाजून त्याची विटंबना पाहणाऱ्याला धिक्कारतो. तेथे पाजला जाणारा निदान शेजारी होता. येथे बहिणीचे मूल असते.

कायदाही येथे गप्प नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७७ व्या कलमान्वये, डॉक्टरच्या आदेशावाचून अठरा वर्षांखालील मुलाला मद्य देणे किंवा देवविणे हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. त्यापुढील कलमात मुलाकडून दारू विकवणे वा तिची ने-आण करवणे यालाही तशीच शिक्षा आहे. हे कलम दुकानदाराला आहे तसे मामालाही आहे. पिण्याच्या वयाची अट प्रत्येक राज्यात वेगळी. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५, तर गुजरातेत दारूबंदीच आहे. बडोद्याहून वसईला किंवा म्हापशाला लग्नासाठी येणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा फरक म्हणजे मुलांना दिलेली सुट्टी समजू नये.

यात मंडळी म्हणून करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे, आणि काही ठिकाणी ती झालेलीही मी पाहिली आहे. ज्या समारंभात मुले आहेत तेथे दारू नाही, असे दहा कुटुंबांनी मिळून ठरवायचे. एकट्या कुटुंबाला लोक कंजूष म्हणतात. दहा कुटुंबांची रीत होते. एवढे जमत नसेल तर निदान वाढणाऱ्यांजवळ एका जबाबदार वडीलधाऱ्याने रात्रभर उभे राहायचे. हे काम कोणालाच नको असते, म्हणून ते वडीलमंडळाच्या सभासदांनी घ्यावे.

आमच्या दारात आलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले? ती रात्र शेवटची नव्हती. कॉलेजची दोन वर्षे वाया गेली, आईच्या बांगड्या गेल्या, एका व्यसनमुक्ती केंद्रात तो दोनदा राहून आला. त्याच्या वडिलांपाशी मी त्या वाढदिवसाची गोष्ट एकदा काढली व माझ्या हसण्याची क्षमा मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता ते हयात नाहीत.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. वयोमानामुळे पाण्याचे पात्र धरण्यापुरताच मी तेथे होतो. घरी जेवणाच्या वेळी त्यांच्यातले एक वृद्ध आजोबा, मायेनेच, आपल्या ग्लासात बोट बुडवून बाळाकडे वाकले. त्याने बाळाच्या तोंडापुढे आपला तळहात आडवा धरला. बोलला काही नाही. आजोबांना अपमान वाटला. ग्लास ठेवून, न जेवता ते फाटकाकडे चालू लागले. खोलीत कोणी हसले नाही. त्याने बाळ माझ्या पत्नीच्या हाती दिले, चपला न घालता तो त्यांच्यामागे गेला आणि फाटकाजवळ त्यांचा हात धरून बराच वेळ उभा राहिला. मग दोघे परत आले. आजोबांना वाढायला तो स्वतःच बसला.